खून पडत असताना माणूस एकटा लाकडं फोडायला का जातो?

माजघर:

प्रश्न माझा नाही, आमच्या आईंचा आहे. आई म्हणजे सासूबाई, वय ८४. दीड वर्षापासून त्यांना वाचता येत नाही. नजरेच्या बरोबर मधोमध डाग आल्यासारखं दिसतं म्हणतात, कडेचं तेवढं स्वच्छ. टीव्हीवरच्या मालिकांना त्या 'रडगाणी' म्हणतात. म्हणून दुपारच्या चहानंतर तासभर मी वाचून दाखवते. घरातली मराठी पुस्तकं संपली तेव्हा ह्यांच्या कॉलेजच्या खोक्यातून अगाथा ख्रिस्तीचं 'अँड देन देअर वर नन' निघालं. कव्हर गेलेलं, पानं पापडासारखी. डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडाने मराठी बोलायचं अशी कसरत गेले दहा दिवस चालू आहे.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पुस्तक १९३९ चं. डेव्हनच्या किनाऱ्याजवळ एक बेट, बेटावर एकच बंगला. दहा माणसं खोट्या निमंत्रणावरून तिथे जमतात. पहिल्याच रात्री जेवणं झाल्यावर ग्रामोफोनची तबकडी वाजते आणि तिच्यातला आवाज प्रत्येकावर एकेका मृत्यूचा आरोप ठेवतो. मग एकेक जण मरायला लागतो. किनाऱ्यावरून रोज यायची ती होडी येत नाही. शेवट कृपा करून कुणी लिहू नका. मी वाचलाय, पण या धाग्यावरचे प्रतिसाद आईंना वाचून दाखवायचे आहेत.

इंग्रजी नावं आईंच्या जिभेवर बसेनात, तेव्हा त्यांनी सगळ्यांचं नव्याने बारसं केलं. लोंबार्ड झाला लंबार्डे. ब्लोर झाला भोर. मिस ब्रेंट सतत विणते आणि बायबल वाचते म्हणून ती 'सोवळी'. शाळेत खेळ शिकवणारी व्हेरा 'मास्तरीण'. एक जज्जसाहेब आहेत, एक डागदर आहे. सुसाट गाडी चालवणारा एक देखणा पोरगा होता, तो पहिल्याच रात्री गेला. "गाडीवाला लवकर सुटला," असं आई अजून म्हणतात.

तर परवा आम्ही रॉजर्सपाशी आलो. रॉजर्स म्हणजे त्या घरचा आचारी, वाढपी, गडी, सगळं एकच. तोवर तीन मेलेत आणि त्यातली एक याचीच बायको. रात्री सगळ्यांनी आपापल्या खोल्यांना आतून कड्या घातल्यात. जेवणाच्या टेबलावर चिनीमातीच्या दहा बाहुल्या असतात आणि दर खुनानंतर एक कमी होते. हा गृहस्थ त्या रात्री काय करतो? जेवणघराला कुलूप लावतो, म्हणजे बाहुल्या कुणी हलवायला नको. आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मागच्या अंगणापलीकडे एकटाच सरपण फोडायला जातो. पाठीमागून कुऱ्हाड.

आईंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे बाहुल्यांना कुलूप आणि हा उघड्यावर?"

"हो."

"लाकडं कशाला हवी होती मेल्याला?"

"सगळ्यांच्या न्याहारीसाठी. चूल पेटवायला."

"परवा रात्री बायको गेली त्याची. सुतक नाही का त्यांच्यात? आणि बाकीच्या दांडग्यांपैकी एकालाही वाटलं नाही, की चल रे, मी उभा राहतो तुझ्याजवळ?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, आई, तो एकटा गेला नसता तर गोष्ट पुढे कशी जाणार? तर म्हणाल्या, "ते लेखिकेचं दुखणं झालं. मी त्याचं विचारतेय."

म्हणून इथे विचारते. खूनकथांमधली माणसं जिवावर बेतलेलं असताना शहाण्यासारखी वागतात का? वागलेली तुमच्या वाचनात आहेत का? की सगळीच रॉजर्स? 'गुमनाम' आईंनी थेटरात पाहिलाय (राजा नवाथ्यांचा, १९६५ चा, मूळ कल्पना हीच). त्यात तर माणसं मरताहेत आणि हेलन समुद्रकिनाऱ्यावर नाचतेय. त्याबद्दल मात्र आईंची काही तक्रार नाही. "छान नाचली होती," एवढंच.


टेकडीवरचा:

आईंना माझा नमस्कार सांगा आणि मग माझा विरोधही सांगा. हे पुस्तक मी चार वेळा वाचलंय आणि माझं मत असं की या जातीच्या गोष्टींमध्ये इतकी शहाणी माणसं दुसरीकडे सापडायची नाहीत.

बघा ना, होडी येत नाही हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी तिघे जण अख्खं बेट पालथं घालतात. तुमच्या लंबार्डेला दोर बांधून कड्यावरून खाली सोडतात, कपारीत कुणी लपलंय का बघायला. मग घराची झडती, खोलीन् खोली. पुढच्या प्रकरणात तुम्हाला भेटेल (शेवट फुटत नाही, काळजी नको): सगळ्यांकडची औषधं गोळा करून पेटीत घालतात, पेटी कुलपात जाते आणि दोन किल्ल्या दोन वेगवेगळ्या दणकट माणसांकडे, म्हणजे एकाला दुसऱ्याकडून हिसकावताना आवाज होईलच. दिवसभर एका खोलीत बसायचं. बाहेर जाताना एकानेच जायचं, उरलेल्यांनी एकत्रच थांबायचं. यापेक्षा चांगला नियम मला तरी सुचत नाही. कुणाला सुचला तर लिहा.

फसतात ते वेगळ्या ठिकाणी. सुरुवातीला त्यांची सगळी हुशारी बाहेरच्या माणसाला शोधण्यात जाते. बेटावर अकरावा कुणीतरी आहे, हे गृहीत धरून दोर, झडती, सगळं. आपण दहाच होतो आणि त्यातलाच एक करतोय, हे तोंडाने म्हणायला तिसरं प्रेत पडावं लागतं. रॉजर्सच्या सकाळी तर हे उघड झालेलं आहे, तरी त्याला सोबत कोण देणार? सोबत देणाराच तो असला तर?

शहाणं पात्र हवंच असेल तर होम्सच्या गोष्टीतली हेलन स्टोनर घ्या, १८९२. बहीण ज्या खोलीत मेली त्या खोलीत हिला झोपायची पाळी येते आणि मेलेल्या बहिणीने सांगितलेली शीळ रात्री ऐकू येते. बाई काय करते? दिवा लावते, परत अंथरुणाला पाठ टेकत नाही, उजाडताच हळूच बाहेर पडते, समोरच्या खानावळीतून टांगा करते, स्टेशन गाठते आणि सकाळी सव्वासातला लंडनला होम्सच्या दारात. जगते. त्याच्या आधीच्याच वर्षीच्या गोष्टीतला जॉन ओपनशॉ! त्यानेही तेच केलं, तोही होम्सकडेच आला, वादळी रात्री. होम्सने ऐकून घेतलं, सल्ला दिला आणि नऊ वाजायच्या आत 'रस्त्यावर वर्दळ असेल' म्हणून एकट्याला परत पाठवलं. सकाळी पेपरात बातमी, वॉटर्लू पुलापाशी बुडाला. तिथे मूर्ख कोण, ओपनशॉ की होम्स?


निळी_छत्री:

टेकडीवरचा, होम्सला मूर्ख म्हणालात, आता धाग्याला शंभर प्रतिसाद नक्की.

माझं म्हणणं, मूर्खपणाचेही प्रकार असतात. मला सगळ्यात राग येतो तो 'फोनवर नको, भेटून सांगते' या जमातीचा. अहो सांगून टाका ना! दोन अक्षरी नाव असतं. 'डेथ ऑन द नाइल' (१९३७) मध्ये एक कादंबरीकार बाई आहेत, खुनी कोण हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, समोर गुप्तहेर प्वारो बसलाय, आणि बाई नाव सांगायच्या आधी प्रस्तावना करताहेत. आपण किती हुशार, आपल्याला कसं कळलं. गोळी लागली प्रस्तावनेत. त्याच बोटीवरच्या मोलकरणीने पाहिलं ते सांगायच्या ऐवजी त्याचे पैसे करायला घेतले. तीही गेली. ख्रिस्तीच्या जगात ब्लॅकमेल करणाऱ्याला विमा मिळू नये.

पण एक बाई आहे जिच्यासाठी मला दर वेळी रडू येतं. 'अ मर्डर इज अनाउन्स्ड', १९५०. मर्गाट्रॉइड आणि हिंचक्लिफ या दोन मैत्रिणी एका घरात राहतात, कोंबड्या, डुकरं वगैरे. मर्गाट्रॉइड जरा गोंधळी. खुनाच्या वेळी खोलीत कोण कुठे होतं हे हिंचक्लिफ तिच्याकडून एकेक करून आठवून घेत असते. तेवढ्यात फोन येतो, यांचा कुत्रा स्टेशनवर आलाय, सकाळपासून पाण्याशिवाय पडलाय. हिंचक्लिफ गाडी काढते. गाडी निघतानिघता मर्गाट्रॉइडच्या डोक्यात लख्ख पडतं आणि ती धावत येऊन ओरडते, ती तिथे नव्हतीच! हिंचक्लिफ म्हणते, आल्यावर बोलू. आणि जाते. मग पाऊस येतो. मर्गाट्रॉइड दोरीवरचे कपडे काढायला बाहेर येते.

पुढचं सांगत नाही. पण सांगा, यात चूक कुणाची? कुत्र्याला पाणी हवंच होतं. पाऊस आल्यावर कपडे कोण भिजू देतं? मी तरी नाही.

आणि हो, कबुलीजबाब. दोन वर्षांपूर्वी रात्री अडीचला स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी लाटणं घेऊन एकटी गेले. दिवा लावला नाही. का? तर उजेडाने नवऱ्याची झोप मोडेल. स्वयंपाकघरात चोर असू शकतो हे मला मान्य होतं म्हणूनच लाटणं घेतलं ना? मग जो माणूस मदतीला यायचा त्याचीच झोप मी जपत होते. (उंदीर होता. साबुदाण्याचा डबा.)


सेफ्टीवाला:

मी खूनकथा फारशा वाचत नाही, बायको वाचते, तिने धागा दाखवला. पण धोक्यात माणसं कशी वागतात हे बघायचा मला पगार मिळतो. कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे, एकवीस वर्षं झाली.

न सांगता घेतलेल्या मॉक ड्रिलचं सांगतो. भोंगा वाजला. कायद्याने काय करायचं ते प्रत्येकाला पाठ आहे, भिंतीवर लिहिलंय, दर सहा महिन्यांनी मी घसा फोडतो. तर पहिलं मिनिट लोक काय करतात? एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. शेजारचा बसलाय ना, मग आपणही बसू. मग कुणीतरी विचारतो, "साहेब, खरं की खोटं?" खरी आग लागली असती तर मी तिथे उभा राहून उत्तर दिलं असतं का? दोघे जण कार्ड पंच करायला रांगेत उभे, पगार कापू नये म्हणून. त्या दिवशी कँटीनला जिलबी होती. एक जण असेंब्ली पॉइंटला ताटलीसकट पोचला. मी रिपोर्टात लिहिलं नाही, पण विसरलोही नाही.

आमच्या प्रशिक्षणात एक जुना प्रयोग सांगतात. १९६८, अमेरिकेतले लाताने आणि डार्ली. कोलंबिया विद्यापीठातल्या मुलांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकटा बसलेला असेल तर सहा मिनिटांच्या आत ७५ टक्के मुलं उठून बाहेर सांगायला गेली. सोबत दोन पढवलेली माणसं ठेवली, जी धुराकडे बघून खांदे उडवून परत फॉर्म भरतात, तर उठणारे फक्त १० टक्के. डोळे चोळताहेत, खोकताहेत, हाताने धूर बाजूला करताहेत आणि फॉर्म भरताहेत! नंतर विचारलं तर कुणी म्हणे वाफ असेल, कुणी म्हणे एसीचं काहीतरी. दोघांना तर वाटलं की खरी उत्तरं यावीत म्हणून मुद्दाम कसला तरी वायू सोडलाय.

त्यामुळे बायको जेव्हा पुस्तक आपटून म्हणते 'असं कुणी वागतं का', तेव्हा मी गप्प बसतो. वागतं. रॉजर्सचं मला अजिबात नवल वाटलं नाही. ज्याचं आभाळ फाटलंय तो रोजचं काम धरून बसतो. सकाळी उठून चूल पेटवायची, हे एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. बाहुल्यांच्या कुलपाचंही तेच, काहीतरी केलं पाहिजे ना.


माजघर:

सगळे प्रतिसाद काल वाचून दाखवले. जिलबीवर आई एवढ्या हसल्या की ठसका लागला. साबुदाण्याच्या डब्याला म्हणाल्या, "बरोबरच आहे तिचं, नवरा उठला असता तर त्यालाच चहा करून द्यावा लागला असता."

पण मग थोडा वेळ काही बोलल्या नाहीत आणि मला एक गोष्ट सांगितली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मी कधी ऐकली नव्हती. त्यांच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते.

"वाईला होतो तेव्हाची गोष्ट. हा दोन वर्षांचा असेल. घरात मी आणि हा, बाकी सगळी लग्नाला. भर दुपारी एक माणूस दारात आला, पाणी मागितलं. धोतर, टोपी, सगळं नीट. पण मला दारातच कळलं हा चोर आहे. कसं कळलं विचारू नकोस. तो पाण्याकडे बघत नव्हता, फळीवर बघत होता. मी पाणी दिलं. मग तो ओसरीवर बसला. मग म्हणाला, ऊन फार आहे. आता घरी आलेला माणूस ऊन फार आहे म्हणतो, तर काय करणार? मी चहा ठेवला. चहा ठेवायला आत गेले, कळत होतं, आत जाऊ नये. पोर ओसरीवर होतं गं! उचलून घ्यावं तर त्याला वाटेल आपल्याला चोर समजली. म्हणून पोर तिथेच ठेवलं. चहा घेऊन आले तर तांब्याची मोठी घागर आणि तो, दोन्ही नाहीत. पोर बसलं होतं बोट चोखत. घागरीचं काही नाही वाटलं. पण त्याला वाईट वाटेल म्हणून मी पोर त्याच्यापाशी ठेवलं, हे तुझ्या सासऱ्यांना मी कधी सांगितलं नाही."

मग म्हणाल्या, "भीड भिकेची बहीण म्हणतात. भिकेची कसली, त्याच्याही पलीकडची."

ओसरीवरचं ते पोर म्हणजे माझा नवरा. त्याला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून मी पुस्तक वेगळ्या नजरेने वाचतेय आणि पानापानावर मला हेच दिसतंय. या दहा जणांत वेडा कुणी नाही. पण सगळ्यांना भीड आहे. पहिल्या रात्री तबकडीने खुनी म्हटल्यावरही ते एकमेकांना 'मिस' आणि 'सर' म्हणताहेत. एक मेल्यावरही रॉजर्स कॉफी आणतो आणि बाकीचे ती पितात. नाही म्हणणं म्हणजे तू विष घातलंस म्हणण्यासारखं, आणि ते चारचौघांत कसं म्हणायचं? टेकडीवरचा म्हणतात ते खरंय, नियम छान केले. पण नियम करायला पाच मढी पडावी लागली, कारण त्याआधी नियम करणं म्हणजे शेजारच्यावर संशय घेणं झालं असतं.


पेठकर:

आईंच्या गोष्टीने लिहायला लावलं. एरवी मी नुसता वाचक.

१९७६-७७ चं पुणं ज्यांनी पाहिलंय त्यांना हा धागा गोष्टींपुरता वाटणार नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा, सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो. जोशी-अभ्यंकर खून म्हणून सगळे ओळखतात. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसं मारली गेली, त्यातली बरीचशी स्वतःच्या घरात. तपशिलात जात नाही, ज्यांच्या घरात झालं त्यांचे नातेवाईक आजही असतील. मारणारे कॉलेजातले विद्यार्थी निघाले आणि पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला मुलगा होता. चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्याला फाशी झाली. पण ते सगळं नंतर. त्या हिवाळ्यात कुणालाच काही माहीत नव्हतं आणि तेच तर मुद्द्याचं आहे.

आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा तोवर रात्री दहापर्यंत उघडा असायचा. डिसेंबरात तो सातला बंद व्हायला लागला. सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. सिनेमाचा शेवटचा खेळ बघणारे म्हणजे शूर. वडिलांनी सुताराकडून दाराला साखळी आणि बघायचं भोक करून घेतलं. आजोबा उशाशी मुसळ घेऊन झोपायचे. नियम झाला: अंधार पडल्यावर कुणीही येवो, दार उघडायचं नाही.

चौथ्याच दिवशी रात्री आठला कडी वाजली. पलीकडच्या बिऱ्हाडातल्या काकू. विरजण हवं होतं. आई दारामागून म्हणाली, उद्या सकाळी देते. काकू 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या. आईला रात्रभर झोप नाही. मारेकऱ्याच्या भीतीने नव्हे हो! काकूंना काय वाटलं असेल म्हणून. पहाटे साडेपाचला वाटीभर विरजण आणि वर चार लाडू घेऊन आई त्यांच्या दारात. आणि मजा बघा, काकूंनी दार उघडलं नाही! अंधार होता ना अजून.

पुढे पंधरा दिवसांत नियम असा झाला की 'ओळखीचा आवाज असेल तर उघडायचं'. मग 'नाव सांगितलं तर उघडायचं'. शेवटी वडिलांनी एका संध्याकाळी एका अनोळखी तरुणाला आत घेतलं, का तर तो म्हणाला, मी तुमच्या ऑफिसातल्या अमक्यांचा भाचा. होताही बिचारा तोच. पण वडिलांना हे नंतर कळलं. आत घेताना माहीत नव्हतं.

पकडले गेले तेव्हा सगळ्या पेठेत एकच वाक्य ऐकू येत होतं, अहो, पोरं होती! आम्ही सगळे जण कुणाला शोधत होतो? दाढीवाला, आडदांड, परगावचा. टेकडीवरचा यांचा तो अकरावा माणूस.


टेकडीवरचा:

पेठकर, वाचून गप्प झालो.

माजघर, भिडेचा मुद्दा बराचसा मान्य. सगळा नाही. पुढे भोरचं काय होतं ते वाचलंत की बोलू. तिथे भीड नाही, दुसरंच काहीतरी आहे. मी त्याला मूर्खपणाच म्हणतो.


निळी_छत्री:

मी लाटणं उशाशी ठेवणं बंद केलं. आता टॉर्च ठेवते. नवरा म्हणतो उजेड डोळ्यांवर येतो.


माजघर:

भोर झाला काल वाचून. तीनच उरलेत, सकाळपासून बाहेर उन्हात बसलेत, घरात पाऊल टाकायचं नाही असं ठरलंय. आणि भोरला भूक लागते. बाकीचे दोघे म्हणतात आम्हाला नको. तो एकटा घरात जेवायला जातो. वरच्या खिडकीतून संगमरवरी घड्याळ डोक्यात.

मला वाटलं आई आता कपाळाला हात लावणार. तर म्हणाल्या, "भूक लागल्यावर माणूस काय करेल? आदल्या दिवसापासून डब्यातलं खाताहेत, तेही उभ्याउभ्या. या एकाला मी नावं ठेवणार नाही." तेव्हा टेकडीवरचा, तुमचा मूर्ख आमच्या घरी सुटला.

पण खरं लिहायचंय ते त्याच्या आधीचं. रात्र आहे, वीज बंद, मेणबत्त्या. त्या गडबडीत आणखी एक जण मेलेला सापडतो. कोण ते लिहीत नाही. डागदर पुढे होतो, बाकीच्यांना हाताने लांब थांबवतो, वाकून बघतो आणि गेला म्हणतो. उचलून खोलीत नेऊन ठेवतात. मी पान उलटणार तेवढ्यात आई म्हणाल्या,

"थांब. अजून कुणी हात लावून बघितलं का त्याला?"

मी म्हटलं, डॉक्टरने बघितलं ना.

"एकट्याने. आमच्याकडे माणूस गेला की चार जण बघायचे. आत्याबाई नाकाशी सूत धरायच्या. सूत हललं नाही की मग रडायला सुरुवात. डागदरला विचारायची भीड वाटली असेल यांना."

टेकडीवरचा, तुम्ही चार वेळा वाचलंय, तुम्ही समजून घ्या आणि काही लिहू नका. मी पुस्तक वर धरून चेहरा झाकला. मग आठवलं की त्यांना समोरचं दिसतच नाही, म्हणून खाली घेतलं. तर आईंनी मान जराशी भिंतीकडे वळवली होती आणि डोळ्याच्या कडेने माझ्याकडे बघत होत्या.

"वाच," म्हणाल्या. "मी काही विचारलं नाही."

आज अडीचलाच चहा मागितलाय. जाते.